भांड्यात हात, तर पिन बाहेर!



मागच्या महिन्यात आम्हाला अचानक सांगलीला जावे लागले. साताऱ्याहून कचेरी सुटल्यावर एस.टी. धरली आणि रात्री दहाच्या सुमारास आक्काच्या दारात पोहोचलो. आक्का म्हणजे आमची थोरली बहीण. एरवी आम्ही आलो की तिची चहाची घाई असते. त्या दिवशी मात्र घरात सगळेच गप्प होते. आमची भाची भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. पीठ मळायच्या मशीनमध्ये तिची दोन बोटे सापडली होती. एकाचे हाड मोडले, दुसऱ्याला सहा टाके पडले.

ही पोरगी बारावी झालेली. दोन वर्षे एका बेकरीत पाव भरण्याचे काम केले. तिथेच पाहून पाहून शिकली. मग बचत गटातून कर्ज काढले, एक जुना स्टँड मिक्सर आणि एक विजेची भट्टी घेतली, आणि घरीच पाव करू लागली. रोज शंभर-सव्वाशे पाव ती वडापावच्या दोन गाड्यांना देते. घरात पैसा येतो आणि कर्जाचा हप्ता वेळेवर जातो. आपल्या वस्तीतल्या मुलीने दुसऱ्याच्या भट्टीवर राबण्यापेक्षा स्वतःची भट्टी पेटवावी, याचा आम्हाला केवढा अभिमान! अन् आज तिचाच हात असा बांधलेला.

"कसं झालं गं बाळ?" आम्ही विचारले.

"मामा, लाइट गेली होती," ती म्हणाली. "मशीन थांबलं. म्हटलं तोवर आकड्याला चिकटलेलं पीठ काढून घ्यावं. हात आत घातला आणि लाइट आली."

एवढेच. बटण सुरूच राहिले होते आणि पिनही बोर्डात तशीच होती. वीज आल्याबरोबर आकडा फिरला आणि बोटे आकडा व भांड्याच्या मध्ये सापडली. धाकट्या भावाने धावत येऊन पिन उपटली म्हणून दोन बोटांवर भागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारपाजार गोळा झाला. कोणी म्हणाले, "नजर लागली पोरीला." कोणी म्हणाले, "बायामाणसाला मशीन कशाला पाहिजे? विकून टाका." आम्ही स्वयंपाकघरात गेलो तर काय पाहतो! मशीनच्या मानेला काळ्या दोऱ्यात लिंबू-मिरची बांधलेली. आम्ही आक्काकडे पाहिले. ती खाली मान घालून म्हणाली, "अरे भाऊ, जिवाला भीती वाटली म्हणून बांधली." आम्ही रागावलो नाही. आईचे काळीज आहे. पण ती लिंबू-मिरची आम्ही आक्काच्याच हाताने सोडवली आणि म्हणालो, "आक्का, करंट लिंबाला ओळखत नाही. तो बटणाला ओळखतो."

भगिनींनो, आम्ही पडलो कारकून. बी.कॉम. केल्यामुळे एक सवय अंगात मुरली आहे. खात्यात दहा रुपयांचा फरक आला तर नशिबाला बोल लावत नाही. पहिल्या पानापासून एकेक नोंद तपासतो. तसेच त्या दिवशी भाचीला समोर बसवून पहाटेपासूनच्या कामाची एकेक नोंद तपासली. जे निघाले ते केवळ तिच्यापुरते नाही. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत किती तरी घरांतून आता अशी यंत्रे आली आहेत. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तेव्हापासून आणि पुढे गावोगावच्या बचत गटांमुळे बायका कर्ज काढून यंत्रे घेऊ लागल्या. ही चांगलीच गोष्ट झाली. पण यंत्र घरात आले की त्याबरोबर कारखान्यातला धोकाही घरात येतो, हे कर्ज देताना कोणी सांगत नाही. ते सांगावे म्हणून आजचा हा लेख.

आधी हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ. अमेरिकेतल्या हर्बर्ट जॉन्स्टन नावाच्या इंजिनियरने १९०८ साली एका बेकरीवाल्याला लोखंडी डावाने पावाचे पीठ ढवळताना पाहिले आणि त्याला हे यंत्र सुचले. पहिली यंत्रे मोठ्या भटारखान्यांसाठी होती. अमेरिकेच्या आरमारी जहाजांवरही ती गेली. घरात ठेवता येईल असे लहान यंत्र १९१९ साली बाजारात आले. म्हणजे मुळात हे कारखान्याचे यंत्र आहे, लहान होऊन घरात आले आहे. त्याचा आकडा स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी भांड्यातही फेरी मारतो. त्यामुळे भांड्याचा एकही कोपरा सुटत नाही. आपले बोटही सुटत नाही!

पुष्कळ जणींना वाटते, आपला चटणीचा मिक्सर किती जोरात फिरतो, त्यापुढे हा आकडा तर संथ फिरतो, याची भीती कसली? इथेच फसगत होते. चटणीच्या मिक्सरचे पाते मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते. पीठ मळण्याच्या संथ वेगावर आकडा शंभराच्या आसपास फेरे घेतो. पण आतल्या दातेरी चाकांमुळे वेग कमी होतो आणि त्या बदल्यात जोर वाढतो. घाटात एस.टी. पहिल्या गिअरमध्ये हळू चालते पण सगळा भार ओढून नेते, तसेच हे. घट्ट पिठाचा गोळा जो आकडा ओढतो, तो बोटासाठी थांबणार नाही. आणि चिकट पिठात गेलेला हात झटकन बाहेरही काढता येत नाही.

हा धोका किती खरा आहे? दक्षिण कोरियात प्योंगटेक गावातल्या एका बेकरी कारखान्यात १५ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे २३ वर्षांची एक कामगार मुलगी मिश्रण ढवळण्याच्या यंत्रात ओढली जाऊन मरण पावली. झाकण उघडताच यंत्र आपोआप थांबावे, अशी सोय तिच्या यंत्राला नव्हती. त्या देशात लोक रस्त्यावर आले, त्या कंपनीचा पाव घेऊ नका म्हणून मोहीम झाली. पुढच्याच वर्षी त्याच देशात आणखी एक बाई बेकरीतल्या पिठाच्या यंत्रात सापडून दगावली. मोठ्या देशातले मोठे कारखाने, पण मेले कोण? यंत्रापाशी राबणाऱ्या बायकाच!

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण घालणे मालकावर बंधनकारक होते. यंत्राचे मुख्य चाक आणि पट्टे चालू असताना ते साफ करण्याचे काम बाईला किंवा अल्पवयीन मुलाला देता येत नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. पण जुना कायदा काय किंवा नवी संहिता काय, आपल्या घरातल्या ओट्याला दोन्ही कारखाना मानत नाहीत. तुमच्या स्वयंपाकघरात कोणताही कारखाना निरीक्षक येणार नाही. घरात बाईच मालक, बाईच कामगार. तेव्हा निरीक्षकही बाईनेच व्हायचे आहे. आणि त्या निरीक्षकाचा पहिला नियम आम्ही पाच शब्दांत बांधला आहे: भांड्यात हात, तर पिन बाहेर!

बटण बंद करणे पुरेसे नाही. बटण कोणाच्याही धक्क्याने सुरू होऊ शकते. घरात लहान मुले असतात. पीठ काढायचे, आकडा बदलायचा, कडेचे पीठ खरवडायचे, काहीही असो, आधी वेगाचे बटण शून्यावर, मग पिन बाहेर, मग हात. उलथणे किंवा चमचाही चालू भांड्यात घालू नये. आकडा चमच्याला धरतो आणि चमचा हाताला ओढतो. काही यंत्रांचे डोके वर उचलले की आकडा थांबतो, काहींचा थांबत नाही. आपले यंत्र कोणत्या जातीचे आहे ते रिकाम्या भांड्यावर, हात लांब ठेवून, एकदा पाहून ठेवावे. थांबत असले तरी त्याच्यावर विसंबू नये.

वीज गेली की पहिले काम मेणबत्ती शोधण्याचे नाही. पहिले काम मशीनचे बटण शून्यावर आणून पिन काढण्याचे. गेलेली वीज परत येताना सांगून येत नाही. आमच्या भाचीची सारी चूक एवढ्या एका नोंदीत होती.

पण नोंदवही आणखी मागे चाळली तेव्हा कळले की त्या दिवशी तिला दुप्पट पावांची मागणी होती. ती रात्री अडीचला उठली होती. आदल्या दिवशीही झोप झाली नव्हती. वाचकहो, १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले, हे आपण भाषणांतून ऐकतो. ते तास कशासाठी कमी झाले? थकलेल्या माणसाचा हात चुकतो. चुकलेला हात यंत्रात जातो. मग घरच्या भट्टीवर आपणच आपल्याला रात्री अडीचला का उठवावे? मागणी दुप्पट आली तर घरातले आणखी दोन हात कामाला लावावेत, नाहीतर अर्धी मागणी नाकारावी. नाकारलेली मागणी परत येते, बोट परत येत नाही.

तिसरी नोंद अंगावरच्या कपड्यांची. तिच्या ओढणीचे टोक याआधी दोनदा आकड्यापर्यंत गेले होते, हे तिनेच सांगितले. पदर कमरेला खोचावा, ओढणी काढून ठेवावी, वेणीचा अंबाडा घालावा. सैल बाह्यांचा गाऊन घालून मशीनजवळ उभे राहू नये. बांगड्या, अंगठ्या, गळ्यातली लांब पोत, मनगटाचा दोरा, हे सगळे काम होईपर्यंत डब्यात. मशीनजवळ साजशृंगार नको.

चौथी नोंद जागेची. कडाप्प्याच्या ओट्यावर पीठ आणि तेल सांडले की तो बर्फासारखा निसरडा होतो. घट्ट पीठ मळताना मशीन हादरते आणि हळूहळू सरकत कडेला येते. दहा किलोचे यंत्र पायावर पडले तर काय होईल? म्हणून ओटा कोरडा पुसावा, मशीनच्या रबरी पायांना लागलेले पीठ धुऊन काढावे, आणि मशीन कडेपासून वीतभर आत ठेवावे. डोके खाली केल्यावर खटका नीट बसला आहे ना ते पाहावे. आणि मुख्य म्हणजे मशीन चालू ठेवून कुठेही जाऊ नये. नळाला पाणी आले म्हणून बादली घेऊन पळण्याची आपल्या वस्तीतली सवय आम्हाला ठाऊक आहे. पाण्याला पळा, पण आधी मशीन बंद करून!

आता पाचवी नोंद, जी आमच्या आवडीची, म्हणजे हिशेबाची. भाची वेळ वाचवण्यासाठी एका वेळी एक किलो मैदा मळत होती. तिच्या यंत्राची पुस्तिका विकणाऱ्याने दिलीच नव्हती. प्रत्येक यंत्राला एका वेळी किती पीठ झेपते ते पुस्तिकेत लिहिलेले असते. जुने यंत्र घेताना पुस्तिका मागून घ्यावी. नसेल तर त्या कंपनीच्या दुकानातून मिळवावी. मोबाईलवरही मुले ती शोधून देतात. भांडे मोठे दिसते म्हणून भरू नये. भांडे भरते ते केकच्या पातळ मिश्रणाने. घट्ट पिठाने आधी मोटर भरते!

पावाचा हिशेब बेकरीवाले शेकड्यात मांडतात. मैदा नेहमी शंभर धरायचा आणि बाकी सगळे त्याच्या टक्क्यांत. मैदा १०० तर पाणी ६०, तेल ५, साखर ४, मीठ २, कोरडे यीस्ट १. आता अर्धा किलो मैद्याला हा हिशेब लावा: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३००, तेल २५, साखर २०, मीठ १०, यीस्ट ५. बेरीज ८६० ग्रॅम. पन्नास ग्रॅमचा एक गोळा धरला तर सतरा पाव. म्हणजे मशीन मैद्याचे पाचशे ग्रॅम ओढत नसते, ते ८६० ग्रॅमचा चिकट गोळा ओढत असते. एक किलो मैद्याला हाच गोळा पावणेदोन किलोच्या जवळ जातो. घरगुती मोटर त्यापुढे किती दिवस टिकणार? दोनदा अर्धा-अर्धा किलो मळायला थोडी मिनिटे जास्त लागतात, पण मशीनचे आयुष्य वाढते. आणि जास्त भरलेले भांडे सारखे अडते, आकड्यावर पीठ चढते, म्हणून बाई सारखा हात घालते. अपघाताची सुरुवात अशी वजनकाट्यावर होते.

वेळ वाचवायची खरी युक्ती वेगळीच आहे, आणि ती फुकट आहे. मैदा आणि पाणी संथ वेगावर दोन मिनिटे फक्त एकत्र करावे. मग मशीन बंद करून, भांड्यावर ओला फडका टाकून वीस मिनिटे तसेच ठेवावे. गव्हात दोन प्रकारची प्रथिने असतात. पाणी मिळाले की ती एकमेकांत गुंफून ताणणारे जाळे तयार होते. त्याला ग्लुटेन म्हणतात. हेच जाळे यीस्टची हवा धरून ठेवते आणि पाव फुगतो. हे जाळे बरेचसे स्वस्थ बसूनच तयार होते. चपातीची कणीक मळून झाकून ठेवण्याची आपली जुनी रीत तीच की! त्यानंतर यीस्ट, मीठ, साखर, तेल घालून संथ वेगावर सहा ते आठ मिनिटे मळले की काम होते. दोन मळण्यांच्या मधल्या वेळात मशीनही विसावते आणि बाईही विसावते.

बहुतेक घरगुती स्टँड मिक्सरवर पिठासाठी पहिला किंवा दुसरा वेगच वापरायचा असतो. जास्त वेग केक आणि मलईसाठी. वेग वाढवला म्हणजे काम लवकर होते असे नाही. पीठ तापते, मोटर तापते आणि मशीन नाचते. उन्हाळ्यात माठातले गार पाणी घ्यावे, कारण घर्षणाने पीठ आणखी तापते आणि तापलेले पीठ चिकट होऊन लवकर आंबते. पीठ झाले की नाही ते पाहण्यासाठी लिंबाएवढा गोळा घ्यावा (पिन काढून!) आणि बोटांनी हळूहळू ताणावा. न फाटता पातळ पडदा झाला, त्यातून उजेड दिसला, की झाले. करंजीचे किंवा पुरीचे फार घट्ट पीठ मात्र घरगुती यंत्रात थोडे थोडेच मळावे. त्याचा भार पावाच्या पिठाहून जास्त येतो.

मळताना जळका वास आला, आवाज बदलला, किंवा वरचे कवच हाताला चटका देऊ लागले तर ताबडतोब बंद करावे. अर्धा तास थंड होऊ द्यावे आणि पीठ हाताने पुरे करावे. काही यंत्रांच्या बुडाशी लहान लाल बटण असते. भार जास्त झाला की ते बाहेर येऊन यंत्र बंद पडते. थंड झाल्यावर, पिन काढलेली असताना, ते आत दाबायचे. आणि एक सांगून ठेवतो. चटणीच्या मिक्सरला कणकेचे वेगळे भांडे असेल तरच त्यात कणीक मळावी. त्या मिक्सरच्या बुडाशी पट्टीवर बहुधा लिहिलेले असते की पाच मिनिटे चालवा आणि दोन मिनिटे थांबवा. ते वाचण्यासाठीच लिहिलेले असते!

सहावी नोंद विजेची. भाची एकाच एक्स्टेंशन बोर्डावर भट्टी आणि मिक्सर दोन्ही लावत होती. हिशेब करा. भट्टी २००० वॅट, मिक्सर १००० वॅट, बेरीज ३०००. आपल्या घरातला दाब २३० व्होल्ट. तीन हजाराला दोनशे तीसने भागा. १३ अँपिअर आले. साधे बोर्ड सहा अँपिअरचे असते. म्हणजे दुपटीहून जास्त भार! अशी वायर भिंतीच्या आत तापते, बाहेरून दिसत नाही. भट्टीला भिंतीतले १६ अँपिअरचे वेगळे सॉकेट हवे आणि मिक्सरला दुसरे. तीन पिनांपैकी जाड पिन अर्थिंगची. दोन पिनांच्या बोर्डात बसावी म्हणून ती काढून टाकणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. एम.सी.बी. वायरला वाचवतो, आर.सी.सी.बी. माणसाला वाचवतो. शरीरातून करंट जमिनीत जाऊ लागताच तो क्षणात पुरवठा तोडतो. त्याच्यावर तपासणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पिठाच्या ओल्या हाताने पिनेला हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको. परदेशातून कोणी भेट म्हणून मिक्सर आणला तर त्याच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते आधी पाहावे. अमेरिकेतले १२० व्होल्टचे यंत्र आपल्या बोर्डात थेट लावले तर जळून जाते.

सांगलीकरांसाठी एक खास गोष्ट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. आक्काच्या घरात तेव्हा छातीएवढे पाणी होते. पाणी ओसरल्यावर लोकांनी मिक्सर पुसून उन्हात ठेवले आणि लावून पाहिले. असे कधीही करू नये. वरून वाळलेल्या यंत्राच्या पोटात गाळ आणि ओल राहते आणि कवचात करंट उतरतो. पुरात बुडालेले यंत्र दुरुस्ती करणाऱ्याने उघडून, वाळवून, तपासून दिल्याशिवाय पिन लावायची नाही. पावसाळ्यात पाण्याचा इशारा आला की कपड्यांच्या गाठोड्याबरोबर मशीनही माळ्यावर चढवावे. आपल्या पोटाचे साधन आहे ते.

शेवटची नोंद मुलांची. मळलेल्या गोड पिठाचा गोळा मुले तोंडात टाकतात आणि आपण कौतुकाने पाहतो. मैदा पांढराशुभ्र दिसला तरी तो कच्चे धान्य आहे. शेतातले जंतू त्यात येऊ शकतात आणि भाजल्याशिवाय ते मरत नाहीत. अमेरिकेत २०१५-१६ साली कच्च्या पिठातल्या जंतूंनी २४ राज्यांत ६३ जण आजारी पडले होते. तेव्हा कच्चे पीठ मुलांना चाखू देऊ नये, आणि मळून झाल्यावर हात, ओटा, आकडा साबणाने धुवावा. मशीनचा वरचा भाग मात्र नळाखाली धरू नये; तो पिन काढून ओल्या फडक्याने पुसावा.

आता बंधूंनो, दोन शब्द तुमच्यासाठी. हा लेख बायकांचा म्हणून पान उलटू नका. बायको पहाटे मशीनजवळ उभी असते तेव्हा आपण पांघरुणात असतो, हे आम्ही स्वतःलाही सांगतो आहोत. आमच्या सहचारिणी आम्हाला हे ऐकवतातच. वायरमन आणणे, बोर्ड बदलणे, पुस्तिका वाचून दाखवणे, दुसरा घाणा मळताना शेजारी उभे राहणे, ही कामे पुरुषाने केली तर कमीपणा येत नाही. धाकट्या भावाला पिन कुठे आहे ते ठाऊक होते म्हणून आमच्या भाचीचा पंजा वाचला. घरातल्या प्रत्येकाला ती जागा ठाऊक हवी आणि तिच्यासमोर पोती, डबे रचलेले नसावेत.

आणि देव करो तशी वेळ न येवो असे आम्ही म्हणत नाही. वेळ आली तर काय करायचे ते सांगतो. हात अडकला तर ओढू नये. आधी पिन काढावी. आकडा हाताने उलटा फिरत असेल तर हळू फिरवावा, नाहीतर तो काढून भांडे खाली घ्यावे. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरून थेट दवाखाना गाठावा. हळद, चुना, चहाची पूड भरत बसू नये.

भाचीच्या गटाची बैठक त्या रविवारी झाली. "मशीन विकायचे का?" हा विषय होता. आम्ही बोललो नाही. पट्टी बांधलेला हात वर करून भाचीच बोलली. "मशीन माझं आहे आणि कर्जही माझं आहे. मी विकणार नाही. मी नियम लावणार." गटाने ठराव केला की यापुढे यंत्रासाठी कर्ज द्यायचे तर घेणारीने पुस्तिका आणि वायरमनची पावती दाखवायची. आम्हाला वाटते, असा ठराव प्रत्येक गटाने करावा. हप्त्याची चौकशी करणाऱ्या गटाने हाताचीही चौकशी करावी.

निघताना आम्ही एका जाड पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत पाच ओळी लिहून ओट्यावरच्या भिंतीला लावल्या. लिंबू-मिरचीचा खिळा होता, त्याच खिळ्याला! तुम्हीही उतरवून घ्या.

१. भांड्यात हात, तर पिन बाहेर.
२. लाइट गेली, बटण शून्यावर, पिन बाहेर.
३. पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या डब्यात.
४. पुस्तिकेपेक्षा जास्त पीठ नाही, दुसऱ्यापेक्षा जास्त वेग नाही.
५. झोप झाली नसेल, तर मशीन नाही.

परवा आक्काचा फोन आला. पट्टी सुटली आहे. बोट अजून पुरते वळत नाही, पण पावांची पहिली चळत निघाली. आक्का म्हणाली, "भाऊ, तुझी भाची आता आम्हाला मशीनच्या जवळसुद्धा येऊ देत नाही. आधी पदर खोच म्हणते!"

आम्हाला आणखी काय पाहिजे? जयभीम!